लंडनची सनद आणि मुंबईचे न्यायालय

१/ १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. तेथे कोणत्या शाखेत उभे राहायचे, हे वकिलाच्या बुद्धीआधी त्याची सनद ठरवीत असे. शहरातील बड्या व्यापारी दाव्यांच्या मूळ शाखेत बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. देशी वकिलांचे क्षेत्र अपील शाखेपुरते होते.

२/ बॅरिस्टर होण्यासाठी लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन यांपैकी एका संस्थेत प्रवेश घ्यावा लागे. बारा सत्रे, ठरावीक मेजवान्यांना हजेरी आणि परीक्षा. खरी कसोटी खर्चाची होती : समुद्रप्रवास आणि सुमारे तीन वर्षांचा लंडनमधील निर्वाह.

३/ ही प्रतिष्ठा केवळ सामाजिक नव्हती. १८६१ च्या कायद्याने उच्च न्यायालयातील किमान एक तृतीयांश जागा ब्रिटनमधील बॅरिस्टर-ॲडव्होकेटांसाठी राखल्या. १९१५ च्या कायद्याने मुख्य न्यायाधीशही त्यांच्यातलाच हवा असे ठरविले.

४/ तरीही सनद म्हणजे अशील नव्हे. इनर टेंपलचे मोहनदास गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते बोलू शकले नाहीत आणि काम दुसऱ्या वकिलाकडे सोपविले. पुढे इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. पदवीधर नाहीत म्हणून तोही नाकारला गेला.

५/ याउलट काशिनाथ त्र्यंबक तेलंग विलायतेला न जाता १८७२ मध्ये मुंबईची ॲडव्होकेट परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या परीक्षेमुळेच मूळ शाखेचे दार त्यांना उघडले. १८८९ मध्ये, चाळिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, ते न्यायाधीश झाले. १८९३ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती जागा महादेव गोविंद रानडे यांना मिळाली. त्यांचेही कायद्याचे शिक्षण मुंबईचेच.

६/ सर्वांत बोचरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ग्रेज इनचे बॅरिस्टर, शिवाय कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या. १९२३ मध्ये वकिली सुरू केली. पण मोठी कामे सॉलिसिटरांमार्फत येत, आणि तेथे जात आडवी आली. चरितार्थासाठी ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. तरीही १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यातील ब्राह्मणेतर नेत्यांचे अपील त्यांनी पुण्यात जिंकले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

७/ १९३५ च्या कायद्याने बॅरिस्टरांच्या राखीव जागा संपल्या. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकिलांचा एकच वर्ग केला आणि १९७६ च्या दुरुस्तीने मुंबई-कोलकात्याच्या मूळ शाखेतील दुहेरी पद्धतही गेली.

८/ संस्थेचे नाव पहिले दार उघडत होते, आणि शेवटचे दार कायद्यानेच त्या नावासाठी राखले होते. मधली वाट व्यासंगाने चालता येत असे, हे तेलंग-रानड्यांनी दाखविले. मात्र जातीची भिंत ग्रेज इनच्या सनदेलाही जुमानत नव्हती.