वैतरणेचा प्रवाह आणि मासे : एक ऐतिहासिक टिपण

मत्स्यालयात पंपाने प्रवाह निर्माण केला, तर प्रवाही नद्यांतील मासे अधिक निरोगी राहतात. प्रवाहाविरुद्ध पोहणे हाच त्यांचा व्यायाम. त्यातून स्नायू बळावतात, शिवाय खळाळत्या पाण्यात प्राणवायूही मिसळतो. डोंगरी ओढ्यांतील माशांची शरीररचना वेगवान पाण्याशी कशी जुळलेली असते, याचे विवेचन सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्येच केले होते. मोखाडा परिसरातील आदिवासींना हे अनुभवाने ठाऊक होतेच. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट चढणाऱ्या ‘वलगणी’च्या माशांवरच तेथील मासेमारीचा हंगाम सुरू होई.

वैतरणेचा हा प्रवाह मात्र मुंबईच्या तहानेसाठी टप्प्याटप्प्याने अडविला गेला : १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मोखाड्यातील कोचाळे येथील १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण. वर चढणाऱ्या माशांच्या दृष्टीने या भिंती अनुल्लंघ्य आहेत. त्यांमागील विस्तीर्ण जलाशय पंप नसलेल्या मत्स्यालयासारखे आहेत, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. खाली वाडा तालुक्यातील तिळसे येथील देवस्थानच्या डोहात श्रद्धेने मासे राखले गेले. शिकारीपासून श्रद्धा त्यांचे रक्षण करू शकली. पाण्याचा वेग मात्र वरच्या धरणांच्या दरवाजांवर अवलंबून राहिला. धरणांच्या इतिहासलेखनात दशलक्ष लिटरांचे हिशेब सविस्तर येतात, या वेगाची नोंद क्वचितच आढळते.