सॉर्प्शन : एका सावध शब्दाची गोष्ट

पावसाळ्यात नारायण पेठेतल्या आमच्या खोलीवर पापडाचा डबा उघडा राहिला की दोन दिवसांत पापड सादळतात. वजन केलं तर थोडं वाढलेलं दिसेल. पण ते पाणी पापडाच्या पृष्ठभागावर चिकटलंय की आत मुरलंय? काटा फक्त वाढ सांगतो, जागा सांगत नाही.

पृष्ठभागावर चिकटणं म्हणजे अधिशोषण (ॲडसॉर्प्शन) आणि आत शिरणं म्हणजे शोषण (ॲब्सॉर्प्शन), हे आपण पाठ करतो. खऱ्या नमुन्यात मात्र दोन्ही एकदमच चालू असतं. कोळसा हायड्रोजन कसा धरून ठेवतो, हे जेम्स विल्यम मॅकबेन तपासत होते. सुरुवातीला वायू झटकन घेतला जाई, मग कित्येक तास हळूहळू आत झिरपत राही. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी दोन्ही मिळून एक शब्द सुचवला : सॉर्प्शन. जेवढं मोजलं, तेवढंच सांगणारा शब्द!

हेच मॅकबेन पुढे पुण्यात आले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, आणि तिचे पहिले संचालक होते मॅकबेन. तेव्हा त्यांचं वय होतं ६७. स्टॅनफर्डमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जबाबदारी घेतली होती.

त्यांची उपकरणं बघा. १९२६ चा मॅकबेन-बाकर तराजू म्हणजे बंद नळीत टांगलेली क्वार्ट्झची नाजूक स्प्रिंग. खाली नमुना. वायू घेतला की वजन वाढतं, स्प्रिंग लांबते. ती लांबी मोजायची. पण इथेही मिळते ती एकूण वाढच.

मग फक्त पृष्ठभागाचं काय? विद्रावातल्या पदार्थामुळे पृष्ठताण कमी होत असेल, तर तो पदार्थ पृष्ठभागाशी जास्त गोळा होतो, हे गिब्जचं समीकरण १८७० च्या दशकातलं. पृष्ठताण मोजून अधिशोषण काढता येत होतं, पण ते गणितातून. मॅकबेन आणि हम्फ्रीज यांनी १९३२ मध्ये सरळ पातं घेतलं. रुळांवरून वेगाने धावणाऱ्या त्या पात्याने द्रवाचा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा वरचा थर तासून घेतला. त्यातलं प्रमाण खालच्या द्रवाशी ताडून पाहिलं, आणि ते गिब्जच्या समीकरणाशी बऱ्यापैकी जुळलं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पुरावा एकूण वाढीचाच होता तेव्हा मॅकबेन यांनी शब्द ढिला ठेवला. पृष्ठभागाबद्दल ठाम बोलायचं होतं तेव्हा पृष्ठभागच कापून आणला. आपल्या प्रबंधात 'नमुन्याचं वजन वाढलं' या ओळीनंतर आपण बिनधास्त 'म्हणजे अधिशोषण झालं' असं लिहितो. मीही लिहिलंय. आता ती ओळ आली की आधी विचारतो : मी पातं चालवलंय, की फक्त पापड वजन केलाय?