पेटी लहान केली, काम कुठे गेलं?

येरवड्यात राहतो म्हटलं की बाहेरगावच्या नातेवाइकांचे दोन विनोद ठरलेले. एक तुरुंगावरून, दुसरा मनोरुग्णालयावरून. "कधी सुटलास?" हा प्रश्न मी आजवर किती लग्नांत ऐकला असेल, देव जाणे! आता मंडळींना तिसरा विषय मिळालाय. आमच्या हॉलच्या कोपऱ्यातली ४० लिटरची खाऱ्या पाण्याची काचेची पेटी.

परवा बाबा आले होते. त्यांचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे मासे बघायच्या आधी ते पेटीच्या मागे गेले. तिथे मी चार इंच रुंदीच्या जागेत तीन कप्पे करून अख्खा फिल्टर बसवलाय. पहिल्या कप्प्यात पाणी वरून सांडतं आणि स्पंजमधून गाळलं जातं, दुसऱ्यात सिरॅमिकच्या नळ्या आणि कुंभाराकडून आणलेल्या खापऱ्या, तिसऱ्यात पाणी परत पुढे ढकलणारा मुठीएवढा पंप. मी मोठ्या अभिमानाने सगळं समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेटी लहान केलीस ते दिसतंय. पण काम कुठे गेलं?"

मी गप्प. मग तेच म्हणाले, "इथे शेजारीच गांधीजींनी चरखा लहान केला. पण सूत त्यांनाच काढावं लागायचं ना?"

गोष्ट खरी आहे. मे १९३० मध्ये अटक झाल्यावर गांधीजी जानेवारी १९३१ पर्यंत येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि तिथे त्यांनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर बरंच काम केलं. त्याला 'येरवडा चक्र' असंच नाव पडलं. एका भल्यामोठ्या चाकाऐवजी दोन आडवी चाकं. पहिल्याचा दोरा दुसऱ्याला फिरवतो, दुसऱ्याचा चातीला. चाकं लहान, तरी चातीला फेरे भरपूर. झाकण लावलं की हातात धरून कुठेही न्या. पण चाक फिरवणारा हात आणि धागा ओढणारा हात, हे दोन्ही पेटीच्या बाहेरच राहिले.

बाबांचा तो प्रश्न डोक्यात घेऊन मी माझ्या छंदाचा इतिहास पुन्हा आठवून पाहिला. तेव्हा लक्षात आलं की हा इतिहास म्हणजे एकच काम कुणाकुणाच्या गळ्यात पडत गेलं त्याची गोष्ट आहे.

आधी काम काय ते सांगतो (माशांशी ज्यांचा संबंध फक्त ताटात येतो, त्या नातेवाइकांसाठी!). मासा श्वास घेतो, खातो, आणि पाण्यात अमोनिया सोडतो. अमोनिया त्याला विष. समुद्रात हे विष अफाट पाण्यात विरून जातं, लाटा हवा मिसळतात, बाकीचं जीवाणू आणि शेवाळ संपवतात. काचेच्या पेटीत यातलं काहीच आपोआप होत नाही.

१८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या एका बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. रोज ताजं समुद्राचं पाणी आणायचं कुठून? मग तेच पाणी वापरायचं ठरलं, आणि ते जिवंत राहावं म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. अर्धा-पाऊण तास! पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळही ठेवलं. प्रवाळ जगले, बाईंचं नाव इतिहासात राहिलं. लाटांचं काम करणाऱ्या त्या मुलीचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. विल्यम अल्फर्ड लॉइड या माणसाने मोलकरणीचं काम वाफेच्या इंजिनाला दिलं. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने टाक्यांखाली अंधारात भलामोठा हौद ठेवला आणि पाणी अखंड फिरवत राहिला. लोकांना दिसायच्या त्या टाक्या, पण पाण्याचा खरा साठा खालच्या हौदात. आपल्या मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. लहानपणी तिथे नाक काचेला चिकटवून उभ्या राहिलेल्या आपल्यापैकी कुणीही भिंतीमागच्या नळांचा विचार केला नसणार. मी तरी केला नव्हता.

१८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हे काम वेगवेगळे जीवाणू करतात. म्हणजे गाळणी हे निव्वळ फडकं नाही, ती वस्ती आहे! जीवाणूंना हवी असते ती चिकटून बसायला जागा, आणि सच्छिद्र खापरीच्या एका तुकड्यात ती भरपूर असते. माझ्या मते फिल्टर लहान होण्याची खरी सुरुवात इथे झाली.

१९६१ मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग यांनी आणखी सोपं करून दाखवलं. समुद्रातून जीवजंतूंसकट उचललेला 'जिवंत खडक' टाकीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. बस्स. त्याच दशकात जर्मनीत फेस काढणारी नळी सुधारली गेली. प्रथिनं बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात, तो फेस काढून टाकायचा. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी जाळीवर शेवाळ वाढवून, ते खरवडून पाणी साफ ठेवलं. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत घरगुती 'मिनी रीफ'चं वेड पसरवलं, आणि २००० नंतर मागे कप्पा असलेल्या टेबलावरच्या पेट्या बाजारात आल्या.

यातला सगळ्यात सोपा रस्ता ली चिन एंग यांचा. तो आपल्याला बंद आहे, आणि असायलाच हवा. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं. माझा मावसभाऊ तिकडे निघाला तेव्हा सहज म्हणाला, "तुझ्यासाठी एखादा तुकडा आणू का रे? कोण बघतंय?" मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी भिडस्तपणा करतोय. पण ज्या समुद्राच्या प्रेमापोटी हा उद्योग, त्याचाच लचका हॉलमध्ये आणून ठेवायचा? म्हणून माझ्या पेटीत पोवळं नाही. हॅचरीत वाढवलेले दोन क्लाउनफिश, थोडं शेवाळ, आणि खडकाचं काम करणाऱ्या त्या खापऱ्या. मागचा कप्पा नीट चालला तरच समुद्रातला खडक जागेवर राहतो, एवढं मला कळलंय.

आता बाबांचा प्रश्न. काम कुठे गेलं?

४०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं तर हजारी ३५ असलेली क्षारता ३५.१ होते. माझ्या ४० लिटरमध्ये तेच पाणी उडालं की ती ३५.९ वर जाते. लॉइडचा हौद त्याच्या चुका पोटात घालायचा, माझ्याकडे हौदच नाही. ती जागा मला भरावी लागते. रोज गोडं पाणी घालून पातळी राखायची, दर रविवारी चार लिटर पाणी बदलायचं, स्पंज धुवायचा.

हे मी फुकट शिकलो नाही. पहिल्या खेपेला घाई करून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले. जीवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात हे वाचलेलं होतं, पण पेटी इतकी सुबक झाली होती की धीर निघेना. पाचव्या दिवशी दोन्ही मासे गेले. पंप व्यवस्थित चालू होता. त्यानंतर सहा आठवडे मी रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो.

तेव्हा कळलं, काम कुठेही जात नाही. ते मोलकरणीकडून इंजिनाकडे गेलं, इंजिनाकडून जीवाणूंकडे, आणि पेटी टेबलावर मावायला लागली तसं उरलेलं सगळं मालकाच्या हातात येऊन पडलं. त्या खिडकीतल्या मुलीच्या जागी आता मी उभा असतो, एवढंच. आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

असो. बाबा गावी परत गेले. काल रविवार होता. सकाळी साडेसातला फोन वाजला. तब्येत नाही, पाऊस नाही, एकदम,

"पाणी बदललंस का?"