चिन्ह बदललं, गट नाही

३१ मे १९०४ रोजी विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत आले आणि हुजूर पक्षाची बाकं सोडून समोर उदारमतवाद्यांत जाऊन बसले. वीसेक वर्षांनी ते स्वगृही परतले. इंग्रजांना याचं आजही अप्रूप वाटतं. कागलच्या माणसाला वाटणार नाही.

कागल म्हणजे कोल्हापूरच्या राजकारणाचं विद्यापीठ, असं जिल्हाभर म्हटलं जातं. इथे माणूस आधी मंडलिक गटाचा, राजे गटाचा किंवा मुश्रीफ गटाचा असतो; पक्षाची चौकशी नंतर. ऊस वेळेत तुटणार का, सोसायटीचं कर्ज मिळणार का, हे गावातल्या गटाच्या ताकदीवर ठरतं. दिल्लीत कोणता झेंडा आहे, यानं उसाला तोड लवकर मिळत नाही.

मुरगूडचे सदाशिवराव मंडलिक या विद्यापीठाचे कुलगुरूच. कागलची आमदारकी, राज्यमंत्रिपद, हमीदवाड्याचा सहकारी साखर कारखाना, असा हा पाया. १९९८ साली ते काँग्रेसच्या ‘हाता’वर लोकसभेत गेले, समोर शिवसेनेकडून कागलच्याच घाटगे घराण्यातले, म्हणजे राजे गटाचे, विक्रमसिंह घाटगे होते. पुढच्याच वर्षी शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली. मंडलिक पवारांबरोबर गेले आणि दोन वर्षांच्या आत कार्यकर्ते त्याच भिंतींवर ‘घड्याळ’ रंगवू लागले. मंडलिक पुन्हा निवडून आले. २००४ मध्ये शिवसेनेच्या धनंजय महाडिकांनी दमवलं खरं, पण मंडलिकांनी जागा राखली.

खरी कसोटी २००९ ची. तोवर मंडलिकांच्याच तालमीत तयार झालेले हसन मुश्रीफ आणि गुरू यांचं फाटलं होतं. राष्ट्रवादीनं मंडलिकांची उमेदवारी कापून ती संभाजीराजे छत्रपतींना, म्हणजे राजर्षी शाहूंच्या वंशजाला दिली. पंचाहत्तरीच्या घरातला हा गडी अपक्ष उभा राहिला. पक्ष नाही, ओळखीचं चिन्ह नाही आणि समोर कोल्हापूरची गादी! तरीही मंडलिक सुमारे ४५ हजार मतांनी जिंकले. शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टींनीही राष्ट्रवादीला पाडलं. पवारांच्या बालेकिल्ल्यातल्या दोन्ही जागा एकाच दिवशी गेल्या.

मग दिल्लीत त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला. अपक्ष म्हणून निवडून आलेला खासदार एखाद्या पक्षात रीतसर शिरला, तर पक्षांतरबंदी कायद्यानं त्याची खासदारकीच जाते. त्यामुळे घरात न शिरता ओसरीवर बसावं लागतं. चर्चिलना ही अडचण नव्हती.

मंडलिक २०१५ च्या मार्चमध्ये वारले. पण त्याआधीच, २०१४ ला, मुलगा संजय शिवसेनेकडून लढून हरला होता. त्याला हरवणारे धनंजय महाडिक आता राष्ट्रवादीत होते! म्हणजे २००४ चे तेच दोन गट, फक्त चिन्हांची अदलाबदल. २०१९ ला संजय मंडलिकांनी महाडिकांना पाडलं. त्यात युतीइतकाच काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या ‘आमचं ठरलंय’ या घोषणेचा वाटा होता. काँग्रेस-राष्ट्रवादीचा आघाडीधर्म कागदावर राहिला. महाडिक पुढे भाजपमध्ये गेले आणि संजय मंडलिक २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत.

२०२४ ला संजय मंडलिकांना काँग्रेसच्या शाहू छत्रपतींनी हरवलं; २००९ ला थोरल्या मंडलिकांनी पाडलेल्या संभाजीराजेंचे हे वडील. त्याच वर्षी कागलात विक्रमसिंहांचे चिरंजीव समरजितसिंह घाटगे भाजप सोडून पवारांची ‘तुतारी’ घेऊन उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या फुटीत पवारांना सोडून गेलेल्या मुश्रीफांनी त्यांना ‘घड्याळा’वर हरवलं.