परमुलखातला सत्संग आणि आपला उंबरठा



पंढरीला आपण माहेर म्हणतो. माहेरी ओळख सांगावी लागत नाही. पोहोचताच कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि ‘दमलास का?’ विचारते. एका वारकऱ्याच्या मुलाला असा आपलेपणा सातासमुद्रापार, वेगळ्या धर्माच्या माणसांत मिळाला. त्या आपलेपणाचे त्याने पुढे काय केले, ते आज आपण आठवू.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीला झाला. घर वारकरी, त्यामुळे भजन लहानपणापासून कानांवर. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. हा समाज १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला. तो मूर्तिपूजा मानीत नसे, पण त्याच्या उपासनेत तुकोबारायांचे अभंग गायले जात. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्या अभंगांवर निरूपण करीत. आपल्याला विटेवरचे सगुण रूप प्राणाहून प्रिय; तरी तुकोबांचा धागा दोघांना जोडणारा आहे, हे विसरू नये.

१९०१ मध्ये शिंदे इंग्लंडला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकायला गेले. ते कॉलेज युनिटेरियन मंडळींचे. युनिटेरियन म्हणजे देव एकच मानणारे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न स्वीकारणारे ख्रिस्ती. या मतापायी त्यांनी स्वदेशातच बरेच सोसले होते. त्रैक्य नाकारणे हा तिथल्या कायद्याने १८१३ पर्यंत गुन्हा होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्यांवरील व पदांवरील धर्मपंथाच्या अटी मुख्यतः १८७१ मध्ये उठल्या. दार बंद असण्याचे दुःख भोगलेल्या या लोकांनी आपल्या कॉलेजात शिक्षक वा विद्यार्थी, कुणावरही ठरावीक मताची सक्ती ठेवली नाही.

माउली, खरी गोष्ट इथे आहे. शिष्यवृत्ती त्यांची, अन्न त्यांचे, गुरुजनही त्यांचे. पण ‘आमचा धर्म घे’ ही अट नव्हती. शिंदे यांनी शिकावे आणि मायदेशी जाऊन आपल्याच लोकांत धर्मकार्य करावे, एवढीच अपेक्षा. बौद्ध ग्रंथांचे जाणकार एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे गुरू तिथे होते. जमखंडीचा विठ्ठल तिथे विठ्ठल राहूनच आपला झाला. पाहुण्याला स्वतःसारखा करून घेणे हे स्वागत नव्हे. तो आहे तसा त्याला जागा देणे, हे स्वागत.

१९०३ मध्ये शिंदे परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. मिळालेला आपलेपणा त्यांनी स्वतःपाशी ठेवला नाही. परक्यांनी मला जवळ घेतले, मग माझ्याच गावकुसाबाहेरचा माणूस परका कसा? १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली. आयुष्य त्या कामात वेचले. पुढे स्वजनांशी मतभेद झाले, उपेक्षाही वाट्याला आली. पण वाट सोडली नाही. २ जानेवारी १९४४ रोजी ते गेले.

आता आपल्या उंबरठ्याकडे वळू. चोखोबारायांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. नामदेवरायांनी त्यांना मिठी मारली, संतांनी त्यांचे अभंग गायले, तरी मंदिराचे दार त्यांच्या जातीला शेकडो वर्षे उघडले नाही. त्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा १० मे रोजी मार्ग मोकळा झाला. संतांनी वाळवंटात दिलेली समता गाभाऱ्यापर्यंत पोहोचायला इतका काळ लागला. हा इतिहास आपला आहे. तो अभिमानाने आणि तितक्याच लाजेने सांगायला हवा.

म्हणून कळवणकरांनो, हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. आपला तालुका आदिवासी बांधवांचा, गिरणेच्या उगमाचा. सप्तशृंगीच्या चैत्र यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्यांना इथला माणूस पाणी देतो आणि जात विचारत नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे निघालेल्या दिंडीतही कुणी कुणाला परके मानू नये. पण वाटेवरचे पाणी देणे सोपे. रोजच्या हरिपाठाला बदली होऊन आलेला मास्तर, पाड्यावरून आलेले जोडपे, हंगामी कामाला आलेला मजूर मागच्या भिंतीशी उभा असतो, तेव्हा टाळ त्याच्या हातात कोण देतो? पंगतीत त्याला शेजारी कोण बसवून घेतो? पायांवर डोके ठेवून त्याला माउली म्हणायचे आणि नाव मात्र विचारायचे नाही, असे तर होत नाही ना?

शिंदे यांना परमुलखात जे मिळाले, ते आपल्या संप्रदायात मुळातच आहे. ते कुठून आणायचे नाही, फक्त थोडे सरकून जागा करायची आहे. येत्या एकादशीला भजनाला बसाल, तेव्हा शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवा आणि दाराकडे लक्ष असू द्या.