रामभूमीवरचे घोडे : नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलची कथा

१/ मार्च १९३८. नाशिकच्या रामभूमीवर ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते एका लष्करी शाळेच्या इमारतीचे उद्घाटन झाले. कवायत आणि नेमबाजीच्या जोडीला या शाळेत घोडेस्वारीला मानाचे स्थान होते. पुढच्याच महिन्यात तेव्हाच्या हिंदी लष्करातील 'सिंद हॉर्स' या रिसाल्याने आपले घोडे सोडून यांत्रिक वाहने स्वीकारली. असे करणारा हा पहिला हिंदी रिसाला. घोडा रणांगणावरून निवृत्त होत असताना नाशिकच्या मुलांना त्यावर मांड ठोकायला का शिकवले जात होते? या प्रश्नाचा मागोवा.

२/ आधी थोडे मागे जावे लागेल. मराठी सत्तेचा कणा घोडदळ होता. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे दिसायला लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारी. 'खोगीरभरती' हा शब्द आजही आपण सहज वापरतो, तो याच जगातून आलेला.

३/ नाशिक जिल्ह्याचा या परंपरेशी थेट संबंध आहे. सिन्नरजवळच्या डुबेरे गावी, आजोळी, १८ ऑगस्ट १७०० रोजी पहिल्या बाजीरावाचा जन्म झाला. १७२८ मध्ये पालखेड येथे त्याने निजामाला कोंडीत पकडले ते वेगाच्या बळावर. अवजड तोफखाना आणि बाजारबुणगे यांचे लोढणे गळ्यात न घेता सतत हलत राहणारे घोडदळ हे त्याचे खरे शस्त्र होते.

४/ १८१७ च्या पुणे तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या खर्चाने एक सहायक घोडदळ उभे केले. तेच पुढे 'पूना हॉर्स' झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा राज्याबरोबर हजारो स्वारांची रोजीही गेली. काही जण नव्या सरकारच्या चाकरीत शिरले, अनेकांनी नांगर धरला. पागा ओस पडल्या आणि घोडेस्वारी हे सर्वसामान्य मराठी घरातले कसब हळूहळू विस्मरणात गेले.

५/ १८५७ नंतर इंग्रजांनी लष्करभरतीचे सूत्र बदलले. काही जाती-जमाती जन्मतः 'लढाऊ' आणि बाकीच्या 'बिगरलढाऊ', असा सिद्धान्त रूढ झाला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने त्याला बळ दिले. भरतीचा ओघ पंजाब, नेपाळ आणि वायव्येकडे वळला. मराठ्यांच्या पायदळ पलटणी टिकल्या, परंतु अनेक समाजांना दार बंद झाले.

६/ याचा सर्वांत जिव्हारी लागणारा घाव महार समाजावर बसला. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या शिपाई आणि सुभेदार दिलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडलीही गेली. सैनिक कोणाला होता येते, हा प्रश्न पोटाचा होता, तितकाच प्रतिष्ठेचाही.

७/ अधिकारपदाचे दार तर त्याहून अरुंद. १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा होत्या. तिथे पोहोचायचे तर घरी पैसा हवा, इंग्रजी वळण हवे, आणि घोड्यावर बसता यायला हवे. घोडेस्वारी आणि पोलो ही त्या काळच्या अधिकारीवर्गाच्या रीतिभातीची अंगेच होती. मध्यमवर्गीय मराठी मुलाने घोडा पाहिलेला असे तो टांग्याला जुंपलेला.

८/ इथे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा प्रवेश होतो. जन्म १८७२, बिलासपूर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात वैद्यकीय सेवा, मग नागपुरात नेत्रवैद्यक म्हणून व्यवसाय. राजकारणात टिळकांचे अनुयायी, पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष. रा. स्व. संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांच्यावर त्यांचा मोठा प्रभाव होता. देशाला स्वतःचे सेनाधिकारी हवेत, हा त्यांचा ध्यास.

९/ १९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना मुंजे इटलीत थांबले. तेथील लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि मुलांसाठीची फॅसिस्ट 'बालिल्ला' संघटना त्यांनी पाहिली. १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये ते मुसोलिनीला भेटले. या सर्वाचे प्रशंसापर वर्णन त्यांच्या रोजनिशीत आहे. पुढच्या शाळेच्या कल्पनेवर या भेटीची छाया आहे, आणि अभ्यासकांच्या चर्चेत ही बाब आजही येते.

१०/ मात्र प्रेरणास्थान एकटी इटली नव्हती. त्याच वर्षी मुंजे हिंदी लष्करी महाविद्यालयाचा आराखडा ठरवणाऱ्या चेटवूड समितीचे सदस्य होते. या समितीच्या कामातून १९३२ मध्ये डेहराडूनची 'इंडियन मिलिटरी अकॅडमी' उभी राहिली. तिच्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते. अकॅडमी झाली, पण तिथवर पोहोचणारी मुले तयार कुठे करायची? ही उणीव मुंजे यांनी हेरली.

११/ १९३५ मध्ये नाशिक येथे 'सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी' स्थापन झाली आणि १२ जून १९३७ रोजी शाळा सुरू झाली. नाव ठेवले 'भोसला'. शिवछत्रपतींचे आणि नागपूरच्या राजघराण्याचे हे आडनाव. शहराच्या गजबजाटापासून दूर असलेल्या विस्तीर्ण आवाराला 'रामभूमी' हे नाव मिळाले. वनवासी रामाच्या वास्तव्याची पंचवटी याच नाशिकात. हुतुतू दाटीवाटीच्या पेठेतही खेळता येतो. घोड्याला मात्र मोकळी जमीनच लागते.

१२/ घोडेस्वारीचे शिक्षण म्हणजे केवळ दौड नव्हे. त्याची सुरुवात तबेल्यात होते. खरारा करणे, खूर साफ करणे, चंदीची वेळ सांभाळणे, खोगिराचा तंग तपासणे. मग कदम चाल, त्यानंतर दुडकी, आणि सर्वांत शेवटी चौखूर. दुडकीवर नवख्याची हाडे खिळखिळी होतात, कारण घोड्याच्या लयीशी शरीराची लय जुळलेली नसते. मांड पक्की होते ती गुडघ्यांच्या आणि पाठीच्या तोलाने. लगाम ओढून नव्हे.

१३/ सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. यांत्रिक युद्धाच्या युगातही लष्करी शिक्षणाने घोडा सोडला नाही, कारण त्याच्यापासून मिळणारा धडा पुस्तकात नाही. आपल्याहून कितीतरी वजनदार आणि स्वतंत्र इच्छेचा प्राणी दंडेलीने चालत नाही. स्वाराची भीती त्याला तत्काळ कळते. पडल्यावर पुन्हा रिकिबीत पाय घालणे हे अधिकारी घडवण्याचे शिक्षण मानले गेले. मराठी मुलासाठी त्यात आणखी एक अर्थ होता. 'तू बिगरलढाऊ' या शिक्क्याला ते उत्तर होते.

१४/ परंतु हे उत्तर पुरे होते का? नाशिक जिल्ह्यातच त्याची कसोटी लागली. १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालू होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या वर्षी 'हिंदू' नाव घेऊन लष्करी शिक्षणाची संस्था नाशकात जन्मली, त्याच वर्षी ही घोषणा. शौर्याला जात नसते, असे इंग्रजांना सांगणाऱ्या समाजाच्या देवळाचे दार आपल्याच माणसांना बंद होते. आणि ज्या संस्थेच्या नावातच एक धर्म होता, तिच्या राष्ट्रकल्पनेत इतरांची जागा कोणती, हाही प्रश्न उरतोच.

१५/ पुढचा काळ वेगाने बदलला. दुसऱ्या महायुद्धाने भरतीचे जुने निकष मोडीत काढले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ३ मार्च १९४८ रोजी नाशिक येथे मुंजे यांचे निधन झाले. स्वतंत्र भारतात खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली आणि १९६१ मध्ये साताऱ्यात देशातील पहिले सैनिक स्कूल सुरू झाले. जे काम एका खाजगी संस्थेने अंगावर घेतले होते, ते आता राज्यघटनेच्या चौकटीत, धर्म-जात न पाहता, शासन करू लागले.

१६/ आणि घोडे? १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या 'पूना हॉर्स'चे रूपांतर रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये झाले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या तिच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रणगाड्यात बसणारे हे वीर, पण रेजिमेंटच्या नावात 'हॉर्स' कायम.

१७/ रामभूमीवर आजही घोडेस्वारी शिकवली जाते. मुलींसाठीही वेगळी लष्करी शाळा तिथल्या संस्थेने काढली आहे. 'लढाऊ' कोण हे जन्मावरून ठरवणारा जुना सिद्धान्त तिथे आणखी एका अंगाने मोडतो. या आवाराचा इतिहास नुसत्या अभिमानाने वाचला तर अर्धा कळतो आणि नुसत्या संशयाने वाचला तरी अर्धाच. वसाहतवादी अपमानाला दिलेले उत्तर, इटलीतून आणलेली कल्पना आणि देवळाचे बंद दार, हे तिन्ही एकाच गावात, एकाच दशकात घडले. घोड्यावर कोणी बसायचे हे जन्माने ठरू नये, ही मागणी १९३७ मध्ये रास्त होती. ती सर्वांसाठी होती का, हे मात्र त्या काळालाही विचारायला हवे आणि आपल्यालाही.

धागा समाप्त.