बनियनची शस्त्रक्रिया: दुखणं काही दिवसांचं, सूज काही महिन्यांची

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, हाडाचा उंचवटा येतो. चपलेचा पट्टा तिथे घासतो आणि अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकत जातो. डॉक्टरांच्या भाषेत हे हॅलक्स व्हॅल्गस, बोलीत बनियन. (मराठीत शोधायला गेलं तर आधी गंजीफ्रॉकांच्या जाहिराती दिसतात, त्यामुळे ‘अंगठ्याचं वाकडं हाड’ असं शोधलेलं बरं.)

चपला बदलून, रुंद बूट घालून, पॅड लावूनही चालताना दुखत राहिलं तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो. ही शस्त्रक्रिया साधारण तासाभराची असते आणि बऱ्याचदा रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. इथेच अनेकांची फसगत होते. संध्याकाळी घरी सोडलं म्हणजे किरकोळ काम असणार, असं घरच्यांना वाटतं आणि रुग्णालाही.

आत नेमकं काय केलेलं असतं?

तो उंचवटा म्हणजे वर उगवलेलं जास्तीचं हाड, असा सर्वसाधारण समज आहे. तसं असतं तर तासून काम भागलं असतं. खरं तर अंगठ्यामागचं लांब हाड जागेवरून सरकून पायाच्या आतल्या कडेकडे झुकलेलं असतं आणि त्याचंच टोक बाहेर दिसत असतं. म्हणून बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये ते हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. शेव्हरॉन, स्कार्फ ही अशा कापांची नावं. अंगठ्याचं छोटं हाड कापलं तर ती एकिन. बाक फार असेल किंवा सांधाच ढिला असेल तर पायाच्या मध्याजवळचा सांधा कायमचा जोडतात, ती लॅपिडस. हल्ली लहान छिद्रांतूनही ही कामं होतात. त्यात जखम लहान असते, पण हाड कापलेलं असतंच.

थोडक्यात, हा डॉक्टरांनी मुद्दाम, मोजून केलेला अस्थिभंग आहे. हात मोडल्यावर प्लास्टरमध्ये सहा आठवडे जातात हे कुणालाही पटतं. इथेही हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पायावर तर सगळ्या शरीराचं वजन येतं.

पहिली रात्र आणि इंजेक्शनचा फसवा आराम

शस्त्रक्रियेच्या वेळी घोट्याजवळ किंवा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पायाच्या नसा बधिर करतात. औषधानुसार हा बधिरपणा साधारण बारा ते चोवीस तास टिकतो. त्या वेळात पाय लाकडासारखा वाटतो, दुखत मात्र नाही. ‘एवढंच होतं होय!’ म्हणून काही जण स्वयंपाकघरात चक्कर मारतात, भेटायला आलेल्यांसमोर पाय खाली सोडून गप्पा मारतात, गोळी ‘लागली तर घेऊ’ म्हणून बाजूला ठेवतात. मग पहाटे कधीतरी बधिरपणा उतरतो आणि ठणका सुरू होतो.

दुखणं एकदा वर चढलं की त्याला खाली आणायला गोळीला वेळ लागतो. म्हणून बधिरपणा असतानाच पहिली गोळी घ्यायची आणि पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्यायची, असा सल्ला डॉक्टर देतात. गोळ्या सहन करण्यात कसला पराक्रम नाही. नीट झोप झालेला रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो.

सहसा पॅरासिटामॉल आणि सोबत सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी देतात. जास्त दुखलं तर थोड्या दिवसांसाठी ट्रॅमाडॉलसारखं औषध असतं. त्याने मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं. पाणी आणि भाजीपाला वाढवला, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घेतलं तर बरं पडतं. पोटात अल्सर असलेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी हे आधीच सांगायला हवं, कारण डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या त्यांना घातक ठरू शकतात.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक जोडगोळ्यांमध्ये, म्हणजे अ‍ॅसेक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलच्या बरोबरीने, पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यावर ‘अंग कसकसतंय’ म्हणून ६५० ची गोळी घेतली की हिशेब चुकतो. मोठ्या माणसाला दिवसभरात पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहूनही कमी. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

गोळीइतकीच उशी महत्त्वाची

पाय हा शरीराचा सगळ्यात खालचा भाग. तिथली कातडी हाडाला लागून, घट्ट. आत सूज आली की तिला पसरायला जागा नसते आणि तोच ताण ठणका बनतो. पाय पलंगावरून खाली सोडला की मिनिटाभरात तो भरल्यासारखा होतो, बोटं जांभळट दिसतात, आत ठोके पडू लागतात. घाबरण्यासारखं नसतं. पाय वर घेतल्यावर रंग परत येतो आणि ठोके कमी होतात.

म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाचा बहुतांश वेळ पाय हृदयाच्या पातळीच्या वर हवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो फक्त आडवा होतो, वर जात नाही. आडवं पडून पोटरीखाली लोड किंवा दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, टाच मोकळी ठेवून. जेवण, संडास-बाथरूम एवढ्यापुरतं उठायचं. दुखणं कशाने कमी होतं या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर हेच, आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारंही.

बर्फ कापडात गुंडाळून बँडेजवरून किंवा गुडघ्यामागे पंधरा-वीस मिनिटं ठेवता येतो. गरम शेक मात्र नको. दुखलं की शेकायचं ही घरोघरची सवय, पण ताज्या जखमेला उष्णतेने सूज वाढते आणि बधिर पायाला चटका बसलेला कळतही नाही. तेलाने चोळणं, हळदीचा लेप हेही जखम पूर्ण भरेपर्यंत दूर ठेवावं.

घरात चप्पल घालायची?

डॉक्टर एक खास बूट देतात. कडक, सपाट तळव्याचा, किंवा वजन टाचेवर टाकणारा. तो साधारण सहा आठवडे प्रत्येक पावलाला घालायचा असतो. मराठी घरात इथे अडतं. पादत्राणं दाराबाहेर, स्वयंपाकघरात आणि देवघरात तर नाहीच. ‘दोन पावलांचंच तर अंतर’ म्हणून बूट काढून चाललं की नेमकं त्या दोन पावलांत पुढच्या भागावर जोर येतो आणि कापलेलं हाड हलू शकतं. हा बूट म्हणजे प्लास्टरचाच एक प्रकार, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलं तर रोजचा वाद टळतो. आणखी एक, दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीची चप्पल घातली नाही तर कंबर धरते.

भारतीय पद्धतीचा संडासही अडचणीचा. उकिडवं बसताना आणि उठताना सगळा भार पायाच्या पुढच्या भागावर येतो. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. अंघोळ स्टुलावर बसून, पायावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून. बँडेज भिजलं तर ते वाळवत बसू नये, दवाखान्यात फोन करावा. जोडवी शस्त्रक्रियेआधीच काढावी लागतात. सुजलेल्या बोटात ती रुतली तर कापून काढण्याची पाळी येते.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. बाहेर टोक ठेवलेली तार वापरली असेल तर ती चार ते सहा आठवड्यांनी. आतले स्क्रू त्रास देत नसतील तर कायम तिथेच राहतात. लॅपिडस झाली असेल तर पायावर वजन टाकायची परवानगी उशिरा मिळू शकते, त्यामुळे शेजारणीच्या अनुभवावरून आपलं वेळापत्रक ठरवू नये.

बैठं काम असेल आणि पाय वर ठेवता येत असेल तर दोन ते चार आठवड्यांत कामाला लागता येतं. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, दुकानदार यांनी दोन-तीन महिन्यांची तयारी ठेवावी. गाडीचा प्रश्न हमखास विचारला जातो. उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे चारचाकी नाही, कारण अचानक ब्रेक दाबता यायला हवा. स्कूटरला गिअर नसले तरी सिग्नलला पाय टेकावा लागतोच.

तिसरा आठवडा: खचण्याचा काळ

दुखणं ओसरलेलं असतं, भेटायला येणारे थांबलेले असतात, आणि बँडेज निघाल्यावर दिसतो तो सुजलेला, जांभळट, ताठ अंगठा. ‘यापेक्षा आधीचा बरा होता,’ असं वाटणारे खूप असतात. पण त्या वेळी दिसतो तो निकाल नसतो. संध्याकाळची सूज तीन ते सहा महिने येत राहते, काहींना वर्षभर. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्या येणं हेही नेहमीचं. बऱ्याच जणांत ते हळूहळू कमी होतं, काहींमध्ये थोडं उरतं.

या काळात करण्यासारखं एक काम आहे: डॉक्टरांनी होकार दिल्यावर अंगठा हाताने हळूहळू वर-खाली वाकवण्याचा व्यायाम. दुखेल म्हणून तो टाळला तर सांधा आखडतो आणि मागाहून सोडवणं अवघड जातं. ज्यांचा सांधा जोडून टाकला आहे त्यांनी मात्र तो करायचा नाही. सिगारेट आणि तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवणं हा तर जखमेच्या देखभालीचाच भाग, आणि त्यांच्या पायाला संवेदना कमी असेल तर ‘दुखत नाही’ यावर विसंबता येत नाही.

काही लक्षणं मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखी नसतात. पाय वर ठेवूनही बोटं निळी, गार किंवा बधिर राहणं. गोळ्या घेऊनही दुखणं कमी होण्याऐवजी दिवसागणिक वाढणं. जखमेतून पू, वाढती लाली, ताप. पोटरी दुखणं आणि सुजणं, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जावं. पूर्वी गुठळी झालेल्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेआधीच याबद्दल विचारावं.

अनेकींचा पहिला प्रश्न असतो की लग्नसराईत उंच टाचांच्या चपला चालतील का. सहा आठवड्यांनंतर आधी रुंद, मऊ, लेसचे स्पोर्ट्स शूज, तेही सूज मावेल एवढे मोठे. नेहमीची पादत्राणं तीन महिन्यांच्या पुढे. निमुळत्या टोकाचे आणि उंच टाचांचे बूट रोज घातले तर बाक परत येऊ शकतो. योग्य शस्त्रक्रियेनंतरही काहींना तो परत येतोच. अंगठा दिसायला सुंदर व्हावा एवढ्यासाठी, दुखत नसताना, शस्त्रक्रिया करू नये असं अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात ते याचमुळे. दोन्ही पायांना बाक असेल तर एक पाय भक्कम झाल्यावर, काही महिन्यांच्या अंतराने, दुसऱ्याचा विचार करणं सोयीचं पडतं. नाहीतर आधाराला पायच उरत नाही.